कुत्र्या, सांग त्याला

आमच्याकडे टीव्ही आला तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो, बाबा आणि मी, आणि आमचा अबोला होता. आता छपरावरचा अँटेना लावायचा म्हणजे एकानं वर चढायचं आणि दुसऱ्यानं आतून ओरडायचं, "आलं, आलं, गेलं, मागं घे." अबोला धरलेल्या माणसांचं हे काम नव्हे. मी कौलांवर बसून नळी फिरवत होतो आणि आतून बराच वेळ काही आवाज नव्हता. मग बाबा बोलले, चांगले खणखणीत.

"काय रे कुत्र्या, दिसतंय का तुला? मला तर मुंग्याच दिसतात."

मी नळी थोडी फिरवली.

"आता मानसं आली बघ, कुत्र्या. पन एकेकाची दोन-दोन दिसतात."

आणखी थोडी फिरवली.

"हां. आता हलवू नको म्हनावं."

खाली उतरून पाहिलं तर कुत्रा अंगणात चुलवणाच्या राखेत झोपलेला होता. आमच्या घरात बोललेलं एक अक्षरही त्याच्या कानावर गेलं नव्हतं.

आमचं गाव टोकावड्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यापासून आत. मी आटगावला मामाकडे राहून शहापूरला आयटीआय केलं, वायरमन झालो आणि घरी येऊन पहिलं काम केलं ते विहिरीवर मोटर बसवायचं. ती आठवड्यात जळली. मी म्हणालो, व्होल्टेज कमी पडलं. बाबा चार माणसांसमोर म्हणाले, "व्होल्टेज नाय, अक्कल कमी पडली." मी ताटावरून उठलो. आधी कुणी बोलणं टाकलं यावरही आमचं एकमत कधी झालं नाही, कारण त्यासाठी बोलावं लागलं असतं.

आई होती तोवर आमचं काही अडलं नाही. बाबा माझ्यापासून हातभर अंतरावर बसून आईला सांगायचे, "त्या दीडशहान्याला विचार, बांधावर येतोय का नाय." आई मान जरा माझ्याकडे वळवून म्हणायची, "बाळा, बाबा म्हनतात, जरा बांधावर येशील काय रे?" मी म्हणायचो, "सांग त्यांना, मी गडी नाय त्यांचा." आई मान तिकडे वळवायची. "येतो म्हनतो. चहा पिऊन येतो." आणि चहा पिऊन मी खरंच जायचो, कारण आईचं बोलणं खोटं पाडायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. आम्ही दोघंही मूळ वाक्यं ऐकत होतो, पण वागायचो मात्र तिच्या वाक्यांप्रमाणे.

ती तापानं गेली, चार दिवसांत. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरलो. कावळे झाडावर होते, पण एक खाली येईना. नातेवाइकांनी एकेक कबूल करून पाहिलं. धाकट्या मावशीचं लग्न लावून देऊ, गाय विकणार नाही, जे काय तिच्या मनात असेल ते. ऊन चढलं. शेवटी मामा आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"तिचा जीव कशात अडकलाय ते सगळ्यांना ठावं हाय," तो म्हणाला. "तुमी दोघं एकमेकांशी बोला. एक शब्द बोला. आत्ता शिवंल."

बाबा नदीकडे बघत राहिले, मी झाडाकडे. मला वाटत होतं, मोठ्या माणसानं आधी बोलावं. त्यांना वाटत असणार, लहानानं आधी बोलावं. तिथं बसलेली सगळी माणसं आमच्या तोंडाकडे बघत होती आणि आम्हाला ते जमलं नाही. अखेर दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे जेवायला गेले. मामानं त्या दिवशी आमच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

त्यानंतर कुठून तरी हा कुत्रा आला आणि आईची जागा त्याला मिळाली. "कुत्र्या, भात कच्चा राह्यलाय आज." "कुत्र्या, सांग त्यांना, लाकडं ओली होती." फरक एवढाच, की कुत्रा काही गोड करून सांगत नसे. जे तोंडातून निघेल ते तसंच समोरच्याच्या अंगावर पडायचं. त्यामुळे आम्ही दोघंही हळूहळू जरा जपून बोलायला लागलो.

टीव्ही मी आसनगावजवळच्या एका कारखान्यातल्या टेंपररी कामाच्या पैशांतून आणला होता. रविवारी सकाळी त्यावर एक परदेशी मालिका लागायची, हिंदीत बोलणारी. अंतराळातलं एक मोठं जहाज, त्यावरचे अधिकारी, दर आठवड्याला नवा ग्रह. बाबा गवताच्या ट्रकवर बसून भिवंडीच्या तबेल्यांना जायचे, तिथलं हिंदी त्यांना येत होतं. त्या जहाजाला ते एसटी म्हणायचे. "बघ कुत्र्या, ह्यांची एसटी आज कुठं बंद पडते." गोऱ्या माणसांचे ओठ एक बोलायचे आणि ऐकू दुसरंच यायचं. मला आईची आठवण यायची. तीसुद्धा हेच काम करायची, फुकट.

एका रविवारी, भाताची झोडणी उरकून गवत कापणीला आलं होतं तेव्हा, दोनच माणसांचा भाग लागला. एक म्हातारा अधिकारी, एक तरुण. त्यांचं छोटं यान एका ओसाड ग्रहावर पडलेलं आणि मोठं जहाज लांब निघून गेलेलं. आमच्या टीव्हीत रंग नव्हते, त्यामुळे तो ग्रह चैतातल्या आमच्या माळासारखाच दिसत होता. म्हाताऱ्याचा पाय मोडलेला. दोघांचं पटत नव्हतं. कुणाच्या हुकमामुळे इथं येऊन पडलो यावर भांडून झालं होतं आणि आता दोघं दगडाच्या दोन बाजूंना बसले होते.

"आपल्यासारखंच हाय की रे कुत्र्या," बाबा म्हणाले. मी टीव्हीवरची नजर हलवली नाही.

त्या पडक्या यानात एकाच माणसापुरती एक कुपी शिल्लक होती. तिच्यात बसून एकानं जायचं आणि मदत आणायची. म्हातारा म्हणाला, तू जा. तरुण जाईना. जाणार नाही असं तोंडानं म्हणेना, नुसता काहीतरी दुरुस्त करत बसला.

आता मला सांगायला हवं की माझ्या नोकरीचा हुकूम तेव्हा घरात येऊन पडला होता. नागपूरच्याही पुढे, एका कारखान्यात, कायमची नोकरी. हजर व्हायची तारीख जवळ आली होती आणि मी बाबांना सांगितलं नव्हतं. त्यांना माहीत होतं, कारण आमच्या पोस्टमनच्या पोटात काही राहायचं नाही. पण त्यांनी विचारलं नव्हतं. मी गेलो तर त्या घरात ते आणि कुत्रा. आईचा जीव ज्या एका गोष्टीत अडकला होता, ती केल्याशिवाय मी निघून जाणार होतो. आणि राहिलो असतो तर आम्ही दोघांनी कुत्र्याशी बोलत जन्म काढला असता. मला हे सगळं कुणाला तरी विचारायचं होतं आणि विचारण्यासारखा माणूस एकच होता.

टीव्हीवर म्हातारा तरुणाला रेडिओ समजावून सांगत होता. यानातला रेडिओ नुसता पाठवू शकतो, ऐकू शकत नाही. कुपीतला नुसता ऐकू शकतो, पाठवू शकत नाही. मी रोज बोलेन, तो म्हणाला. तू ऐकतोस का नाही, ते मला कळणार नाही.

बाबा पुढे सरकून बसले. "जाऊ दे त्याला," ते कुत्र्याला म्हणाले. कुत्रा या वेळी खरंच आत होता, त्यांच्या पायाशी. "म्हातारं काय मरत नाय लगेच. त्याला खायला हाय तिथं. पोरगा कशाला अडकून बसलाय?"

तरुण गेला. शेवटी तो अंधारात कुपीत बसलेला दिसला. कानाशी म्हाताऱ्याचा आवाज, आज हवा कशी होती, काय खाल्लं, पायाचं दुखणं कसं आहे. तरुण रडत होता आणि उत्तर देऊ शकत नव्हता. मदत पोचली का नाही ते दाखवलंच नाही. मला राग आला. माझ्या मनात आलं, हा काय शेवट झाला, एवढं सगळं करून म्हाताऱ्याला कळलंसुद्धा नाही. ते मी कुत्र्याला बोलून दाखवलं.

"ऐकतोय ना पन तो," बाबा म्हणाले. "मग झालं."

ते उठले, विळा घेतला, दारात थांबले. "कुत्र्या, ट्रंक माळ्यावर हाय. कोळ्यांनी भरली आसंल. पुसून घे म्हनावं."

मी चार दिवसांनी निघालो. बाबा रस्त्यापर्यंत आले, कुत्राही आला. गाडी आली तेव्हा त्यांनी माझी ट्रंक उचलून वर दिली आणि कुत्र्याला म्हणाले, "जप म्हनावं." कंडक्टरनं कुत्र्याकडे बघितलं. मला तिकीटसुद्धा नीट मागता आलं नाही.

तिकडे मी एका खोलीत राहायचो. कामावर बोलायची माणसं होती, पण संध्याकाळी खोलीत बोलायला कुत्रासुद्धा नव्हता. पुढे टोकावड्याच्या एका दुकानात नाण्याचा फोन आला, मग माझ्याकडे मोबाइल आला, आणि बाबा रविवारी फोन करायला लागले. मला आधी प्रश्न पडला, हे बोलणार कसे? त्यांना तो पडला नव्हता. कुत्रा त्यांच्याबरोबर चालत यायचाच. रिसीव्हर तोंडाशी धरून ते खाली बघत म्हणायचे, "कुत्र्या, सांग त्याला, भाताची आवनी उरकली." "सांग त्याला, मामा येऊन गेला. चहा घेतला." दुकानदारानं मला नंतर सांगितलं, आधी गिऱ्हाइकं हसायची, मग कुणी हसेनासं झालं.

पण माझ्याकडे मध्यस्थ नव्हता. मग मी खाकरायचो. अबोल्यात खाकरणं चालतं. बरं चाललंय याचं खाकरणं वेगळं, आजारी आहे याचं वेगळं. बाबांना फरक कळत असावा, कारण एकदा मला कावीळ झाली होती तेव्हा पुढच्याच आठवड्यात गावचा एक पोरगा औषधी मुळ्यांची पुडी घेऊन माझ्या दारात उभा राहिला. एवढ्या लांब.

सुट्टीत घरी यायचो तेव्हा पुन्हा कुत्रा मध्ये. तो म्हातारा झाला होता, कान गेले होते. आम्ही त्याच्याशी मोठ्यानं बोलायला लागलो. घरात बाहेरचं कुणी असतं तर त्याला वाटलं असतं, ही दोन माणसं किती गप्पा मारतात.

मग एका रविवारी फोन आला आणि पलीकडे नुसता श्वास. नंतर बाबा म्हणाले, "कुत्रा गेला."

हे ते कुणाला म्हणाले? मध्ये आता दुसरं कुणी नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला काही सांगितलं होतं, आणि मी काय करावं? मी खाकरलो. वेळ संपत आल्याची टूं टूं वाजली. त्यांनी आणखी एक नाणं टाकलं, ते पडल्याचा आवाज मला ऐकू आला, आणि तो सगळा वेळ आम्ही दोघं तसेच फोन धरून राहिलो. फोन आपोआप कटला.

पुढे दर रविवारी तसंच. ते नाणं टाकायचे, खाकरायचे. मी खाकरायचो. दिवाळीला जायचं ठरवलं होतं आणि तेव्हा बोलायचंही ठरवलं होतं. काय बोलायचं तेही ठरलं होतं. खोलीत आरशासमोर एकदा म्हणूनही पाहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. दसऱ्याच्या आधीच मामाचा फोन आला की बाबा गवतात बसले होते ते तसेच गेले.

दहाव्याला त्याच नदीवर पिंड ठेवला. मला खात्री होती, कावळा लवकर येणार नाही. मामा पुढे येईल, म्हणेल, बोल. आणि या वेळी मी सगळ्यांसमोर बोलणार होतो. आईच्या वेळचंही त्यात फिटणार होतं. मी मनात वाक्य धरून उभा राहिलो.

मी दोन पावलंही मागे सरलो नव्हतो तोच कावळा खाली आला. पिंडावर चोच मारली, घास उचलला आणि गेला. माणसांत समाधानाची कुजबुज झाली. "सुटला," कुणी म्हणालं. मामानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे भरले होते. "काय मागं राह्यलं नाय रे त्याचं. बोललात ना तुमी?"

मी होय म्हणून मान हलवली. लोक पाय धुवायला नदीत उतरले आणि मी पिंडाजवळ एकटा उरलो, वाक्य तसंच तोंडात घेऊन.

"बाबा, मी ऐकत होतो."