घडीमावशीची लाल पिशवी

इस्पितळाच्या धुलाईघरात तिला सगळे घडीमावशी म्हणत. चादरीच्या कोपऱ्याला कोपरा भिडलाच पाहिजे; दुसऱ्या कुणी घातलेली घडी ती मोडून पुन्हा घाली, वर दोन शब्द सुनावी. तिथला एक नियम तर तिच्या अंगात पुरता मुरला होता: ‘पॉझिटिव्ह’ रुग्णाचे कपडे लाल पिशवीत, सगळ्यांच्या शेवटी, कढत पाण्यात.

इथेच घात झाला. हिपॅटायटिसची लस टोचण्याआधी सगळ्या कामगारांचं रक्त तपासलं आणि तिच्या कागदावर नेमका तो शब्द आला. बाकीचं इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं, आणि कुणाला विचारायचा धीर नव्हता. घरी येऊन तिने स्वतःलाच लाल पिशवीत घातलं म्हणा ना! ताट वेगळं, टॉवेल वेगळा, अंथरूण दाराशी. नऊ महिन्यांची नात रांगत जवळ आली की ही उठून गॅलरीत.

“आई, माझं काही चुकलं का?” सुनेने विचारलं.

“तुझं कशाला चुकेल? पोरीला उचल आधी!” मावशी खेकसली. जीव नुसता टांगणीला लागला होता. हात धुऊन धुऊन सालटं निघाली, तरी चैन पडेना.

लस घ्यायला ती फिरकलीच नाही, म्हणून पाच आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी बोलावून घेतलं.

“मावशी, कधी कावीळ झाली होती?”

“झाली होती ना. मुलगा पोटात यायच्याही आधी.”

“तेव्हाच शरीराने विषाणूला हुसकावून लावलं. काहींच्या यकृतात तो वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो. तुमच्यात नाही, तो रकाना निगेटिव्ह आहे. पॉझिटिव्ह आहे ती त्याची ओळख. पुन्हा आला तर तुमचं रक्त त्याला दारातच ओळखेल. तुम्हाला लसही नको.”

“तीस वर्षं झाली. अजून लक्षात आहे?”

“पक्कं.”

“मग नातीला घेऊ?”

“घ्या की! नुसतं कडेवर घेतल्याने तो तसाही पसरत नाही.”

मावशी धापा टाकत घरी पोचली. चपला कुठल्या कुठे उडाल्या. नात सुनेच्या कडेवर होती. मावशीने दोन्ही हात पुढे केले, “ये गं माझी बाय!”

पोरीने तिच्याकडे टकामका पाहिलं, ओठ काढले आणि आईच्या मानेत तोंड खुपसून भोकाड पसरलं.

“पाच आठवडे घेतलंच नाहीत ना तुम्ही,” सून हळूच म्हणाली. “ओळख विसरली ती.”