मिठाचे बूट

वहिनींचा फोन आला तेव्हा मी कँटीनमध्ये दादाचाच आवाज काढत होतो. "आल्झो मित्रा, आधी चहा, मग काम!" त्याचं ते जर्मन 'आल्झो', म्हणजे 'तर मग', ऐकून पोरं खिदळत होती. पलीकडून वहिनी म्हणाल्या, "अरे, हे राहिले नाहीत रे…"

दादा म्हणजे इथला, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमधला माझा सीनियर, गाड्यांचं टेस्टिंग करणारा. नात्याचा नाही. पण मी बार्शीहून इथे आलो तेव्हा त्याच्याच सोफ्यावर झोपलो, त्याच्याच घरच्या पोळ्या खाल्ल्या आणि त्याच्याच नकला केल्या. सगळ्यात मोठ्या टाळ्या त्याच्याच असायच्या. त्या फोनपासून माझ्या तोंडून त्याचा आवाज निघेचना. घरात बसवत नाही. ट्राममध्ये चढतो, भलत्याच स्टॉपवर उतरतो, परत चढतो…

मागे आम्हाला कडक उन्हातल्या टेस्टिंगला ऑस्ट्रेलियात पाठवलं होतं. सुट्टीच्या दिवशी दादा म्हणाला, चल, खारं तळं बघून येऊ. तासन्‌तास नुसती लाल माती, ना माणूस ना झाड. आणि मग एकदम पांढरं… पार आभाळापर्यंत. पाण्याचा थेंब नाही, सगळं मीठ. मी पळत सुटणार, तर हा काठावर बसून बूट काढतोय!

"दादा, देऊळ आहे का हे?"

"कुणाचं तरी अंगण असल्यासारखं स्वच्छ आहे बघ. काढ तूपण."

काढले. थोडं आत गेलो आणि मिठाची खपली फुटली, दोघंही घोट्यापर्यंत चिखलात. तळपाय चुरचुरायला लागले. मी आमच्या हेडसरांच्या आवाजात बोंबललो, "कोण आहे रे तिकडे?" काहीच परत आलं नाही.  म्हटलं, "एवढा मोठा हॉल, आणि एक टाळी नाही!"

"मी आहे की," म्हणत दादाने चिखलातच उभं राहून टाळ्या वाजवल्या.

तेच खारट पाय त्याने बुटांत कोंबले. बूट वाळले, पण मिठाची नक्षी गेली नाही. वहिनी ते घरात घेऊ देईनात, म्हणून दाराबाहेर, जिन्यात. तरी रोज संध्याकाळी हा बूट घालूनच आत घुसायचा, "आलो गं, चहा टाक!" आणि किचनमधून वहिनी, "अहो, आधी बूट काढा!"

परवा मी वहिनींकडे असताना शेजारच्या बाईंनी बेल वाजवली. जिन्यात बूट ठेवायचे नाहीत, हाउसऑर्डनुंगमध्ये, म्हणजे इमारतीच्या नियमांत लिहिलंय. दादा गेल्यावर इतके आठवडे गप्प होत्या बिचाऱ्या. वहिनी मला म्हणाल्या, "तूच आण आत. माझा हात धजत नाही." आणि किचनमध्ये निघून गेल्या. आतून नळाचा आवाज यायला लागला.

मी बूट उचलले, पायाने दार ढकललं, आणि काय झालं कळलं नाही, आवाज आपला आपणच बाहेर पडला. "आलो गं, चहा टाक!"

आतून लगेच, "अहो, आधी बूट…"

मग नळ तसाच वाहत राहिला. माझ्या हातात बूट, आणि फरशीवर थोडंसं मीठ.