कॅथीड्रलच्या भिंतीतलं सिमेंट

उल्का सरपोतदार दर शनिवारी लोकांना गावातलं कॅथीड्रल दाखवायची. नवरा श्रीनिवास त्या छोट्या स्कॉटिश गावातल्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होता. पुण्याहून जिऑलॉजीत एम.एस्सी. करून आलेल्या उल्काला मात्र तिथे कोणी नोकरी देईना. मग ती निदान दगडांबद्दल बोलायची. हा दगड सातशे वर्षांपूर्वी शेजारच्याच खाणीतून काढला. सोळाव्या शतकात देश कॅथलिकचा प्रोटेस्टंट झाला, छपरावरचे शिशाचे पत्रे लुटले गेले आणि मधलं दालन तीनशे वर्षं उघड्यावर भिजत पडलं. तरी भिंती टिकल्या, कारण सांध्यांत चुना होता आणि चुना ओल बाहेर जाऊ देतो.

१९८७ साली दुरुस्ती निघाली. परांचीवरचे गवंडी चुना खरवडून सांध्यांत सिमेंट भरताना दिसले, तशी ती दुरुस्ती समितीच्या पुढच्याच बैठकीला गेली. तिथे ती उठून म्हणाली, "सिमेंट या दगडापेक्षा टणक आहे. पाणी आत अडकेल, थंडीत गोठेल आणि दगडाचे पापुद्रे सुटतील."

अध्यक्ष गेडिस गोड हसले. "मिसेस सरपोतदार, तुमच्याकडच्या कोरड्या हवेत तसं होत असेल. इथे पाऊस पडतो."

उल्का महाबळेश्वरच्या धो धो पावसात लहानाची मोठी झाली होती. ती तोंड उघडेपर्यंत चहा आला.

"मला पाऊस शिकवतोय तो!" घरी आल्यावर तिने पर्स सोफ्यावर आपटली. "एक टेस्ट केली नाही, एक सॅम्पल घेतलं नाही!"

"जाऊ दे ना," श्रीनिवास म्हणाला. "आपलं चर्च आहे का ते?"

"दगड कुणाचा असतो रे?"

त्यानंतर पाच हिवाळे तिने त्याच भिंतीचे फोटो काढले आणि दर वसंतात समितीला पत्र धाडलं. पोच एकदाच आली, तीही तिच्या नावाचं स्पेलिंग चुकवून.

१९९२च्या मार्चमध्ये दक्षिणेच्या दारावरचं दगडात कोरलेलं ओकचं पान निखळलं आणि फरशीवर पडून त्याचा चुरा झाला. एडिंबराहून तज्ज्ञ आले, त्यांनी भिंत ठोकून पाहिली आणि सांगितलं, सिमेंट काढा. गावाची सभा भरली. गेडिस गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "त्या वेळी हे कुणालाच कळणं शक्य नव्हतं."

उल्का तडक उठली. "मी सांगितलं होतं. त्या बैठकीच्या तुमच्याच मिनिट्समध्ये काय आहे वाचू? 'मिसेस सरपोतदार यांनी एक प्रश्न विचारला. नंतर चहा झाला.' तो प्रश्न नव्हता, मिस्टर गेडिस!"

मागच्या बाकावरचा एक म्हातारा गवंडी मोठ्याने म्हणाला, "बाई खरं बोलतेय. आम्हीही कुरकुरलो होतो."

गेडिसनी माफी मागितली नाही. ते पाणी प्यायले. पण मिनिट्स दुरुस्त झाले, उल्का समितीवर गेली आणि पुढली तीन वर्षं भिंतीत पुन्हा चुना भरला गेला. छिन्नीने सिमेंट काढताना दर वेळी दगडाची कडही तुटून यायची. ते बघताना तिला जिंकल्यासारखं कधीच वाटलं नाही, उलट नव्याने संताप यायचा.

शेवटच्या बैठकीत गेडिसनी सुचवलं, की दारावर तसंच नवं पान कोरून घ्यावं, म्हणजे काही घडलं होतं हे कळायचंही नाही.

"नको," उल्का म्हणाली. "कळू दे."

मतं घेतली. पाच विरुद्ध चार. ती जागा कोरीच राहिली.