पिवळं थर्माकोल

दुपारी एकला सिस्टरबाई वर्कशॉपमध्ये आल्या आणि लशींची पेटी माझ्या टेबलावर ठेवली. पेटी शाबूत होती. झाकण मात्र जीपच्या टपावरून पडून फुटलं होतं.

सोनपेठकडच्या एका गावात गोवराची साथ होती. दोन लेकरं दगावली होती. लस इथे परभणीतच, दवाखान्याच्या फ्रिजमध्ये होती. पेटीत बर्फ भरून ती चारच्या एसटीने न्यायची, सकाळी टोचायची. बिनझाकणाच्या पेटीत बर्फ टिकत नाही आणि गरम झालेली लस म्हणजे नुसतं पाणी. बाकीच्या पेट्या गावोगाव गेलेल्या.

"उद्या सकाळी ऊसतोडीचे ट्रक निघायलेत," बाई म्हणाल्या. "एकदा कारखान्याला गेली की लेकरं सहा महिने घावत न्हाईत. थोडं थर्माकोल तर कापायचंय. गणपतीची मखरं तुमीच करता ना?"

मखरांचं नाव काढलं की मी फुगायचो. त्यासाठी मी खास चौकट बनवली होती. शेगडीच्या कॉईलची तार सरळ करून ताणायची, तिला बॅटरी जोडायची. तापली की ती थर्माकोल वितळवत सरळ जाते, भुसा नाही की आवाज नाही.

बर्फ फॅक्टरीच्या कामातून उरलेली दोन इंची पिवळी शीट माळ्यावर होती. एकच. तिचे दोन थर केले की झाकण होणार होतं. खाजाभाई आमचे सुतार. ते म्हणाले, याचा रंग येगळा दिसायलाय, आधी तुकडा कापून बघा. मी म्हटलं, थर्माकोल ते थर्माकोल, तुम्ही तुमचा दरवाजा बघा.

तार चार बोटं आत गेली आणि अडकली. मी आणखी एक बॅटरी जोडली, चौकट रेटली. कडा तपकिरी झाल्या. पिवळा धूर निघाला. डोळे झोंबले, घसा आवळला. बाई खोकत बाहेर पळाल्या.

"मिस्त्री, तार काढा," खाजाभाई म्हणाले. "हे वितळंना गेलंय, जळायलंय."

त्यांनीच वायर उपटली. आमच्याकडे पांढरा असो की पिवळा, कडक फोम दिसला की थर्माकोल. हा पीयूएफ, म्हणजे पॉलियुरेथेन फोम होता. थंडी जास्त धरतो, पण उष्णतेने वितळत नाही, जळतो. त्या धुरात विषारी वायू असतो, हे मला पुढे एका इंजिनियरने सांगितलं. त्या वेळी फक्त लाज वाटत होती. अर्धी शीट करपली होती आणि दोन वाजले होते.

करपलेला भाग काढला तर एकच थर अखंड निघत होता. दुसरा पट्ट्या जोडून करायचा ठरलं. तोंडाला ओले रुमाल बांधून हॅक्सॉचं नुसतं पातं हातात धरलं. जोर लावला की फोम तुटतो, म्हणून सावकाश, लांब ओढी घ्यायच्या. घड्याळाकडे बघत सावकाश काम करणं किती अवघड असतं, ते त्या दिवशी कळलं. वीट बांधतात तसं सांध्यावर सांधा येऊ दिला नाही. तुकडे मापापेक्षा थोडे मोठे ठेवले आणि पॉलिश पेपरवर घासून बसवले. गोंद वाळायला वेळ नव्हता, रुंद चिकटपट्टीने सगळं आवळलं.

मग कडेला कागदाची पट्टी घालून झाकण दाबलं. पट्टी ओढली, सुळकन निघाली. म्हणजे फट होती. खाजाभाईंनी त्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली. पुन्हा ओढली, कागद फाटला पण निघाला नाही.

साडेतीन झाले होते. बाई लस घ्यायला रिक्षाने गेल्या. एसटी मिळाली की नाही, हे चार दिवस कळलं नाही. त्या चार दिवसांत मला नीट जेवण गेलं नाही.

पाचव्या दिवशी त्या पेटी घेऊन हजर. सकाळी पेटी उघडली तेव्हा बर्फ शिल्लक होता म्हणाल्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिले, पण टोचल्याशिवाय त्यांनी एकाही लेकराला ट्रकात चढू दिलं नव्हतं.

तेव्हापासून कापायला काहीही आलं की मी नाव विचारत नाही. अंगणात नेऊन तुकड्याला तापलेला खिळा लावून बघतो. आणि खाजाभाईंचं ऐकतो.

झाकणावर बाईंनी लाल रंगात लिहून घेतलं होतं: 'थर्माकोल. आपटू नये.' खाजाभाईंनी ते मोठ्याने वाचलं आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "मिस्त्री, तार तापवू का?"