हप्ता घरी आणून द्यायचा

धाकट्या दिराने गणेशगुडीला लॉज बांधताना माझ्याकडून पैसे नेले. पुढे माझा नवरा, म्हणजे त्याचाच सख्खा भाऊ, आजारी पडला. मी पैसे मागायला गेले, तर त्याने मला दुपारभर बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. आत पर्यटकांना चहा चालला होता. शेवटी बाहेर येऊन म्हणाला, "आता न्हाई जमत, वैनी." ते माझ्या डोक्यातून गेलं नाही.

नंतर पंचांसमोर परतफेडीचा कागद झाला. वर्षभराचे हप्ते त्याने लिहिले. मी एक ओळ घालायला लावली: दर महिन्याला स्वतः कुंभारवाड्याला माझ्या घरी येऊन हातात द्यायचे.

"फोनवरून पाठवतो की."

"हितं रेंज न्हाई," मी म्हटलं. होती.

पहिल्या हप्त्याला तो आला, तेव्हा मी अंगणात भात वाळवत होते. सगळं भात हलवून होईपर्यंत त्याला पायरीवर बसवलं. दुसऱ्या वेळी गुरं बांधून होईपर्यंत. तिसऱ्या महिन्यात तो सगळेच पैसे घेऊन आला. तेव्हा नव्हते ते आता कुठून आले, हे मी विचारलं नाही. एक हप्ता मोजून घेतला आणि उरलेले त्याच्या हातात परत ठेवले.

"कागदात लिवलंय तसंच," मी म्हटलं. "पुढच्या महिन्यात ये."