केसरीनाथाचं स्वतंत्र गाव

केसरीनाथ तरेला कुणी काही विचारायच्या आत त्याचं उत्तर तयार असे. प्रश्न कळला नाही तरी उत्तर अडत नसे.

माणूस तसा साधाच. बाप खाडीत जाळं टाकायचा आणि खारजमिनीत भात पिकवायचा. केसरीनाथ स्वतः भिवंडीतल्या कारखानेदारांचा टेम्पो चालवायचा. सुताच्या गोण्या न्यायच्या, कापडाचे तागे आणायचे. मग मुंबईच्या जकातीला वैतागलेले व्यापारी माल ठेवायला नाक्याच्या अलीकडे जागा शोधू लागले, आणि ज्या खाजणात बेडूकही नीट बसत नव्हता तिथे पत्र्याची गोदामं उभी राहिली. यात केसरीनाथाचं कर्तृत्व एवढंच, की जमीन त्याची होती. पण भाडं सुरू झालं तसं त्याला वाटायला लागलं, की मुंबईची जकातसुद्धा आपल्याच सांगण्यावरून लागली असावी.

गळ्यात साखळी आली, दारात पांढरी गाडी आली. जीव मात्र अडकला होता एका नारळात.

केसरीनाथ राहायचा बंदरपाड्यात. नाल्यापलीकडे चिंचशेत. गाव मोठं ते, पाडा त्याचा. दोघांची ग्रामपंचायत एक आणि गावदेवीही एकच, चिंचशेतच्या वेशीवरची. चैत्रातल्या जत्रेला गावाचा पहिला नारळ फोडायचा मान तऱ्यांच्या घराण्याचा. बाप गेल्यापासून तो केसरीनाथाकडे होता. नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर धरून तो इतका वेळ उभा राही, की मागून एखादी म्हातारी ओरडे, "फोड की रं बाबा, देवीचा पाय अवघडला!" त्या क्षणाचा फोटो त्याने मोठा करून गोदामाच्या ऑफिसात लावला होता. नारळ वर, पोट पुढे. व्यापारी भाड्याचं बोलायला आला की आधी तो फोटो बघावा लागे.

वेगळं व्हायचं खूळ डोक्यात शिरलं ते एका ट्यूबलाइटवरून. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात चिंचशेतच्या गल्लीत खांबाखांबावर ट्यूबा लागल्या आणि पाड्याचे खांब तसेच राहिले.

"पट्टी भरायची आपल्या गोदामांनी, आन उजेड पडायचा त्यांच्या उकिरड्यावर!" केसरीनाथ ओट्यावर बसून गरजला.

शेजारी त्याचा पुतण्या दीपेश पेपर चाळत होता. पोरगा आयटीआय केलेला, घरात सगळा पेपर वाचणारा तो एकटाच. तो सहज म्हणाला, "काका, इंग्लंडातपण हेच चाललंय. युरोपातल्या देशांचा संघ हाय ना, त्यातून बाहेर पडायचं म्हणतायत तिकडचे काही लोक. पैसा आमचा, कायदे त्यांचे, असं बोलतात."

केसरीनाथाने एवढंच ऐकलं की इंग्रज बाहेर पडला. बाकीचं ऐकायला त्याला सवड नव्हती. दुसऱ्या दिवसापासून पाड्याच्या चहाच्या टपरीवर इंग्लंडचा दाखला सुरू झाला. "इंग्रज येडा हाय काय? अर्ध्या जगावर राज्य केलं त्यानं. तो निघाला. मग आपुन कशाला बसायचं दुसऱ्याच्या ताटात?" ज्या इंग्रजाला इथून हाकलायला केसरीनाथाच्या आजोबांनी लाठ्या खाल्ल्या असं तो पंधरा ऑगस्टला सांगायचा, तोच इंग्रज आता पाड्याचा गुरू झाला.

आक्का त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून माहेरीच राहणारी, आणि घरात त्याला न घाबरणारी एकटीच.

"केसरी, पाण्याची टाकी कुठं हाय?" तिने बोंबील साफ करता करता विचारलं.

"चिंचशेतात."

"आन मसण?"

"चिंचशेतात. म्हणून काय झालं? ते सगळं चालूच राहणार हाय. त्यांनाच आपली गरज हाय."

"मेल्यावर आपली गरज कुणाला लागते रं?"

"तुला राजकारण कळत न्हाय, आक्का."

"मना बोंबील कळतो. डोकं काढलं की त्याचं तोंड बंद होतं."

ग्रामसभा शाळेच्या पडवीत भरली. सरपंच लडकूदादा चिंचशेतचा. म्हातारा, हळू बोलणारा, आणि हळू बोलतो म्हणूनच लबाड आहे असं केसरीनाथाचं मत. पाड्याची माणसं गोदामांच्या दोन टेम्पोंतून आली. केसरीनाथाने त्यांना काय काय कबूल केलं होतं म्हणून सांगू! घराघरात नळ, दवाखाना, पोरांना गोदामात नोकरी, मुख्य म्हणजे स्वतःचा गोल शिक्का. शिक्क्याचं नाव काढलं की लोक टाळ्या वाजवत. त्या शिक्क्याने नेमकं काय होणार, हे कुणी विचारलं नाही.

केसरीनाथाचा चुलतभाऊ चिंधू तेवढा मागून उभा राहिला. तऱ्यांचं जुनं घर चिंचशेतात, त्यात हा राहायचा आणि भिवंडीत लूमवर ड्युटी करायचा. शिफ्ट सुटली की केसांत कापसाचे तंतू तसेच घेऊन यायचा.

"दादा, मी कुणीकडं मग?"

"तू?" केसरीनाथ हसला. "तू लूमवर. तुला गाव कशाला पायजे?"

पाडा खदाखदा हसला. चिंधू खाली बसला.

लडकूदादा म्हणाला, "केसरी, ट्यूबलाइटीचं आमचं चुकलं. लावून देतो. तरी वेगळं व्हायचंच असेल तर पट्टीपुरतं व्हा. पंचायती दोन, गाव एक. ठरावात तसं लिवू."

यात केसरीनाथाला डाव दिसला. समोरच्याने काही दिलं की त्याला डावच दिसायचा.

"पट्टीपुरतं न्हाय!" त्याने टेबलावर हात आपटला. "इंग्रजानं अर्धं सोडलं काय? लिवा, बंदरपाडा हे सर्व बाबतीत स्वतंत्र गाव मानण्यात यावं. सर्व बाबतीत!"

"सर्व बाबतीत?" लडकूदादाने पुन्हा विचारलं. "नीट विचार कर."

"विचार तुम्ही करा. आमचा झालाय."

हात वर झाले. ठराव वर गेला, वरच्या कचेऱ्यांत हिंडला आणि पुढच्या वर्षी मंजूर होऊन आला. केसरीनाथ बिनविरोध सरपंच झाला. त्याच्याच एका रिकाम्या गाळ्यात पंचायतीचं ऑफिस आलं. शिक्का आला. पहिल्या दिवशी त्याने तो इतक्या कागदांवर मारला, की दीपेश म्हणाला, "काका, तो आपल्या पेपरावर पण मारलात."

मग पट्टी बसवायची वेळ आली आणि एक भलतीच अडचण निघाली. पाड्यात सर्वांत जास्त गोदामं सरपंचाचीच. चिंचशेतने लावलेली पट्टी म्हणजे जुलूम, हे तर त्याने वर्षभर सांगितलेलं. म्हणून पट्टी अर्धी झाली. अर्ध्या पट्टीत एक ट्यूबलाइट आली. ती पंचायतीच्या ऑफिसासमोर लागली, म्हणजे केसरीनाथाच्या गाळ्यासमोर. टाकीचं पाणी आता आधी चिंचशेतला आणि उरलं तर पाड्याला. बायका हंडे घेऊन ऑफिसावर आल्या तेव्हा केसरीनाथाने त्यांना स्वातंत्र्याची किंमत मोजावी लागते असं सांगितलं. हे सांगताना तो बाटलीतलं पाणी पीत होता.

चैत्र आला. जत्रेच्या सकाळी केसरीनाथ परीटघडीचे पांढरे कपडे घालून निघाला. पुढे पडघ्याचा बँड, मागे अख्खा पाडा, बाजूला कॅमेरा धरलेला दीपेश. आता तो नुसता मानकरी नव्हता, मानकरी सरपंच होता. नवा फोटो जुन्यापेक्षा मोठा काढायचं ठरलं होतं.

देवळाच्या पायरीशी लडकूदादा हात जोडून उभा. "या, या सरपंच! बँड आणलात, बरं केलंत. इकडं बसा."

मांडवात खुर्च्या होत्या. बाजूच्या गावांचे सरपंच सरबत पीत बसले होते. मधली खुर्ची रिकामी, तिच्यावर टॉवेल टाकलेला.

"बसायला कुठं आलोय? नारळ फोडतो आधी."

"पाहुण्यांचे नारळ गावाच्या मागून असतात, सरपंच. तुमालाच ठाऊक. तुमीच दरवर्षी त्यांना थांबवत होता."

"पाहुणा कोण? मान तऱ्यांचा हाय, लडकूदादा! माझ्या आज्याच्या आज्यापासून!"

"तऱ्यांचाच हाय. कोण बोलतं न्हाय? पण गावातल्या तऱ्यांचा. शिवेबाहेरच्याला पहिला नारळ कसा देणार? तुमीच लिवून घेतलंत. सर्व बाबतीत."

केसरीनाथाने मागे पाहिलं. पाडा इकडेतिकडे बघत होता. बँडवाल्याने सनई तोंडातून काढली.  केसरीनाथ त्या मधल्या खुर्चीवर जाऊन बसला. बसल्याबरोबर त्याच्या अंगावर शाल पडली आणि हातात नारळ आला. सत्काराचा. टाळ्या वाजल्या. इतक्या अदबीने त्याला आजवर कुणी गप्प केलं नव्हतं.

पहिला नारळ घेऊन चिंधू पुढे झाला. रात्रपाळी करून तसाच आलेला, केसांत तंतू, शर्टाचं एक बटण नाही. नारळ हातात घेऊन तो इकडून तिकडे फिरवत राहिला. मग त्याने सगळ्या मांडवात हे ठाऊक असलेलं एकच तोंड शोधलं.

"दादा, शेंडी कुणीकडं धरायची?"

 केसरीनाथाने हातातल्या सत्काराच्या नारळाची शेंडी देवीकडे वळवली.

"देवीकडं," तो म्हणाला. "आन दोनी हातांनी धर, गाढवा."

चिंधूने डोक्यावर धरला आणि लगेच फोडला. देवीचा पाय या वर्षी अवघडला नाही. दीपेशने सवयीने फोटो काढला. मग काकाकडे लक्ष जाऊन कॅमेरा खाली घेतला.

दुपारी ओट्यावर केसरीनाथ शाल मांडीवर घेऊन बसला होता. आक्काने सत्काराचा नारळ फोडला होता आणि ती खोबरं खवत होती. दीपेशने पेपर उघडला.

"काय रं," केसरीनाथाने विचारलं, "त्या इंग्रजाचं पुढं काय झालं? बाहेर पडून सुखी हाय का?"

"कोण इंग्रज?"

"तुझा. युरोपातला."

"ते?" दीपेशने पान उलटलं. "बाहेर कुठं पडले? नुसता वादच चाललाय अजून. एक बोलतो निघा, दुसरा बोलतो थांबा. हायत तिथंच."

 आक्काचा हात खवणीवर थांबला, आणि हसू दाबताना तिचे खांदे हलायला लागले.

"आन हे," केसरीनाथ म्हणाला, "तू मना आता सांगतोस?"