कच्च्या हळदीचं पोतं

सर्व संबंधितांना जड अंतःकरणानं कळवण्यात येतं, की आज सकाळी आमच्या घरचा हळदीचा डबा उपडा झाला असून आरोपी मीच आहे.

त्या वासासरशी मी साठच्या दशकात, सांगलीच्या कॉलेजात पोचलो. बी.एस्सी.ला होतो. रसायनशास्त्राच्या सरांनी सुट्टीतल्या संशोधनासाठी मला निवडलं होतं. अट एकच: सोमवारी गावाहून, कुंडलहून आमच्या शेतातली कच्ची हळद आणायची, नाहीतर जागा दुसऱ्याला. मी घरी पत्र धाडलं.

सोमवारी वडील स्वतः पोतं घेऊन प्रयोगशाळेत हजर! आत शिजवून, वाळवून, घासून लखलखीत केलेली हळकुंडं. झालं, माझी जागा गेली!

"आरं, येवढ्या मोठ्या सरांस्नी कच्चा माल कसा द्यायचा?" वडील म्हणाले. तेव्हा मला त्यांची लाज वाटली. आज वाटतं, सरांचा एवढा मान मी तरी कुठं राखला होता?

सरांनी हळकुंड मोडून हुंगलं आणि ते हसले. "बेण्याला ठेवलेली कच्ची हळद असेल ना? तीही पाठवा. शिजवल्यानं हळदीत काय बदलतं, तेच हा शोधेल. स्वतः शिजवून बघेल."

माझा जीव भांड्यात पडला. वडिलांचा चेहरा मात्र पडला.

"म्हंजे येवढं शिकून बी पोरगं हळदच शिजवणार व्हय?"